डॉक्टरची गाडी

ही गोष्ट मी अजून कुणापुढे काढलेली नाही. सासुरवाडीला जाताना आंधळगावचा सरळ रस्ता सोडून मी दरवेळी वळसा घालतो, आणि बायको दरवेळी विचारते — काहून? मी म्हणतो, तो रस्ता खराब आहे. रस्ता काही खराब नाही. खराबी दुसरीकडे आहे, आणि ती मी आजवर बायकोला नाही, भावाला नाही, रोज सोबत चहा पिणाऱ्या कुणालाही नाही सांगितली. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्यापुढे बोलतो आहे. ओळखत असता तर इथेही गप्पच बसलो असतो, हेही आधीच सांगून टाकतो.

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला माझा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. दहा-बारा गाड्या, वर पताकांची माळ, मागे टिनाचं ऑफिस. वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं, टायर दाबून पाहतं, दार आपटून पाहतं, पण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो — गाडी कोणाची? आणि आमचं उत्तरही ठरलेलं — डॉक्टरची. आमच्या धंद्यात दर तिसरी गाडी डॉक्टरची असते. एवढे डॉक्टर खरंच असते तर भंडारा जिल्ह्यात कुणाला साधी सर्दी झाली नसती! डॉक्टरची म्हणजे एका हाताची, जपून वापरलेली, वेळेवर ऑइल बदललेली. ही थाप आहे हे गिऱ्हाईकालाही कळतं. तरी त्याला ती ऐकायची असते.

तर मी थापा मारतो. झालं, कबूल केलं. इथेच थांबलो तर तुम्ही हसाल आणि मला सोडून द्याल. मोठ्या गुन्ह्यावर पांघरूण घालायला छोटा गुन्हा पुढे करणं मला फार चांगलं जमतं.

सांगायचं आहे ते एका लाल गाडीचं. दोन दारं, दोन सीटा, पोट जमिनीला लागेल इतकी बुटकी — स्पोर्ट्स गाडी. अशी गाडी आमच्याकडे येतेच कशी? नागपूरच्या कुणा पैसेवाल्याच्या पोराने हौसेने घेतलेली असते. हौस फिटते, किंवा गाडी कुठेतरी ठोकली जाते, आणि मग ती फिरत फिरत आमच्यासारख्यांच्या अंगणात येते. नवी असताना जिच्याकडे पाहायची हिंमत होत नाही, ती जुनी झाली की निम्म्या भावातही कोणी उचलत नाही. उचलणार कसं? बायको बसली की पोरांना जागा नाही. डिक्कीत धानाचं अर्धं पोतंही मावत नाही. पार्ट मागवायचा तर दिल्लीहून. आणि आपल्या गावागावांतले गतिरोधक — खालचा पत्रा खरवडून निघतो. दिवसभर लोक तिला टेकून फोटो काढतात आणि साधी डिझेल गाडी घेऊन घरी जातात. पण कधीतरी एक माणूस येतो आणि नुसता बघत राहतो. तो मायलेज विचारत नाही. तसल्या माणसाची वाट बघत या गाड्या उभ्या असतात.

त्या लाल गाडीकडे तसे बघत राहिले ते गजभिये सर.

सरांनी मला आयटीआयला शिकवलं, मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला. दहावीत दोनदा नापास झालेला मी, घरच्यांनी हात टेकलेले. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात एक कार्बोरेटर दिला आणि म्हणाले, “खोल. बिघडला तं बिघडला, मी हावो ना.” तोवर माझ्या हातात कुणी बिघडेल अशी वस्तू दिली नव्हती. आज मी नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो, लोक म्हणतात विनोदभाऊचा कान भारी आहे. कान माझा असेल, पण ऐकायला सरांनी शिकवलं. दुकान टाकलं तेव्हा विकायला पहिली गाडीही त्यांनीच आणून दिली, आपल्या साडूची.

भेटले की सर सगळ्यांना ‘जयभीम’ म्हणत. मलाही. मी त्यांच्या समाजातला नाही, पण आयटीआयच्या दिवसांपासून मीही उलट जयभीमच म्हणत आलो. त्यात मला कधी काही वाटलं नाही. म्हणजे — काही वाटत नाही असं मी समजत होतो.

निवृत्तीनंतर सर एकदा सहज दुकानात आले. लाल गाडी तेव्हा मागच्या कुंपणाशी पडली होती, तोंड चेपलेलं, आत उंदरांनी घर केलेलं. सरांनी तिला तीन फेऱ्या मारल्या. “हे मले पायजे,” म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांनी ती खरंच आंधळगावला नेली, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवली आणि दोन वर्षं तिच्याशी झुंजत बसले. प्रत्येक नट हाताने लावला. आपल्या रस्त्यांसाठी तिला दोन बोटं उंच केली, तेही तिची ऐट न मोडता. गावातला मोठा गतिरोधक ती पहिल्यांदा न घासता ओलांडून गेली तेव्हा सरांनी मला फोन करून सांगितलं. निवृत्त माणूस, आणि आवाज असा जसं पोरगं पहिल्या नंबराने पास झालं. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे असायची.

आणि त्यांनी वही ठेवली. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची. काय बिघडलं, काय बदललं, का बदललं — सगळं त्यांच्या शिक्षकी अक्षरात. आमच्या धंद्यात अशी वही म्हणजे सोनं. जुन्या गाडीचा भाव पत्र्यावर नसतो, तिच्यावरच्या भरवशावर असतो, आणि असला भरवसा मी वीस वर्षांत कागदावर उतरलेला पाहिला नव्हता.

मग सरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. “बसता येते बाप्पा, उठता येत नाई,” म्हणाले. “काल अंगणात अर्धा घंटा आतच बसून होतो. बायको म्हणे, आता जेवन बी तेथंच आणू का?” आम्ही दोघंही खूप हसलो. मग ते म्हणाले, विकून टाक बाबा आता. भावाचं काही बोलले नाहीत. अट एकच घातली — घेणाऱ्याला गाडी मी स्वतः सोपवीन. तिच्या सवयी मी सांगीन. आपल्या हाताने उभी केलेली वस्तू कुणाच्या हाती जाते ते त्यांना पाहायचं होतं, आणि त्या माणसालाही कळावं की ती कुणाच्या हातची आहे. एवढंच. मी म्हणालो, हे काय सांगायचं झालं सर? आणि गाडी, वही दोन्ही दुकानात घेऊन आलो.

महिन्याभरात सीमेवरच्या बपेऱ्याहून पटलेजींचा फोन आला. मोठे शेतकरी, पन्नाशीच्या पुढचे. मुलाचं लग्न ठरलं होतं, वरात पलीकडे मध्य प्रदेशात जायची होती. नवरदेव घोड्यावर नको, लाल गाडीत पाहिजे. फोटो पाठवला, गाडी आवडली, उद्या येतो म्हणाले.

आता नीट ऐका. कारण पुढचं सांगताना मी नेहमी — मनातल्या मनात सांगतानासुद्धा — एक चलाखी करतो. मी म्हणतो, ते तोंडातून निघून गेलं. सवयीने निघालं. डॉक्टरची गाडी, डॉक्टरची गाडी, वीस वर्षांची जिभेची सवय. पण सवयच होती तर आदल्या संध्याकाळी मी ब्लेड घेऊन गाडीच्या काचेशी काय करत होतो?

मागच्या काचेवर कोपऱ्यात निळ्या रंगाचं छोटं धम्मचक्र होतं. ते मी खरवडून काढलं. गोंद राहू नये म्हणून रॉकेलने पुसलं. मग वही उघडली. पहिल्या पानावर सरांचं पूर्ण नाव, ‘निवृत्त निदेशक, आयटीआय’, गावचा पत्ता, त्यांच्या नातीने काढलेलं पिंपळाचं पान, आणि खाली एक ओळ — ‘गाडीचे काही अडले तर केव्हाही घरी यावे. चहा घेऊन जावे.’ ते पान मी फाडलं. पट्टी लावून, सरळ रेषेत, फाडलेलं दिसू नये असं. जिभेची सवय पट्टी लावून पान फाडते काय?

आणि मग सरांना फोन केला. सर, उद्या दहाला या. आणि एक — गिऱ्हाईक आलं की नुसतं नमस्कार म्हणा, बरं का. सर म्हणाले, “बरं.” का, म्हणून विचारलं नाही. मी का ते सांगितलं नाही. तो फोन माझ्याने कसा झाला, याचं मला आजही नवल वाटतं. आवाजही कापला नाही माझा.

पटलेजींनी मला काही विचारलं होतं? नाही. जात, धर्म, आडनाव — एक शब्द नाही. लग्नाची गाडी आहे, बपेऱ्याचा मोठा माणूस आहे, नाव ऐकून मागे सरला तर, भाव पाडला तर — हे सगळं मीच त्या माणसाच्या तोंडी घातलं, त्याचं तोंड पाहायच्या आधी.

सर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खिशाला पेन. साठी उलटलेला माणूस, बसने आला होता, आणि चालताना गुडघ्यावर हात ठेवत होता. पटलेजी आधीच पोहोचले होते. खांद्यावर दुपट्टा, बोलणं मोकळं. गाडीवरून हात फिरवत त्यांनी तोच प्रश्न केला.

“कोणाची गाडी हाय जी?”

“डॉक्टरसाहेबांची,” मी म्हणालो. “नागपूरच्या.”

इथवरही समजा ठीक होतं. पण सर शेजारीच येऊन उभे होते. पटलेजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “अन् हे?”

किती वेळ होता माझ्याकडे? एक श्वासभर असेल. तेवढ्यात खरं सांगून हसण्यावारी नेता आलं असतं. हे माझे सर आहेत, एवढं तरी म्हणता आलं असतं, तेही खोटं नव्हतं. मी म्हणालो, “हे डॉक्टरसाहेबांचे ड्रायव्हर.”

सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही. वर्कशॉपमध्ये कुणी चुकीचा पाना उचलला की ते असे बघायचे, हा आता स्वतःहून खाली ठेवतो का म्हणून. मी ठेवला नाही. मग ते पटलेजींकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “नमस्कार.”

त्यानंतरचा तासभर त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्यांनी गाडी दाखवली. सगळी दाखवली. बॉनेट उघडलं, खाली वाकून गाडीच्या पोटाला लावलेली पत्र्याची ढाल दाखवली, पटलेजींना शेजारी बसवून हायवेवर चक्कर मारून आणली. “पयले दोन मिनिटं तापू द्या जी. दुसऱ्या गिअरात घाई नोको, थे रुसते.” हे सांगताना ते ड्रायव्हर नव्हते आणि मालकही नव्हते, माझे आयटीआयचे सर होते. परत आल्यावर त्यांना गाडीतून उठता येईना. दार उघडं, एक पाय बाहेर, हात छताला. मी दोन पावलांवर उभा होतो आणि पुढे झालो नाही. मालकाला हात देतात, ड्रायव्हरला देऊन बसलो तर शंका येईल — खरंच, हे माझ्या मनात आलं. हात पटलेजींनी दिला.

मग वही. सरांनी ती उघडली. अंगठा सरळ त्या जागी गेला जिथे पान नव्हतं. शिवणीपाशी दोरीसारखी पातळ कड राहिली होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला — वरून खाली, एकदा. आणि पुढचं पान उलटून म्हणाले, “हे इथून वाचा.”

सौदा झाला. मी मागितला तो भाव मिळाला. निघताना पटलेजींनी शंभराची नोट काढली आणि सरांच्या हातावर ठेवली. “चाय-पानी घ्या जी. गाडी चांगली जपली तुमी.” सरांनी घेतली. नाही कशी म्हणणार? ड्रायव्हर नाही म्हणतो काय? पटलेजी कागद बघायला ऑफिसात शिरले तेव्हा सर माझ्या टेबलाशी आले आणि ती नोट त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

“हे तुह्यं होय, विनोद.”

एवढंच. आणि बसस्टॉपकडे निघाले. त्यांना आंधळगावला सोडायला माझ्याकडे दहा-बारा गाड्या उभ्या होत्या.

त्या शंभराचं पुढे काय झालं, तेही सांगतो. दुपारी पोहे-चहा मागवला, त्यात गेले. गाडीचे पैसे दुसऱ्या दिवशी सरांच्या खात्यावर जमा केले, एक रुपया इकडचा तिकडे नाही. त्या बाबतीत मी फार चोख आहे.

तुम्हाला वाटेल, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण लग्न आटोपल्यावर पटलेजींचा फोन आला. माणूस खुशीत होता. वरात दोन तास पहिल्या गिअरात चालली, बॅण्डच्या मागे, भर उन्हात, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. पाहुणे बघत राहिले.

“वहीत लिवलं होतं ना,” ते म्हणाले. “जयंतीच्या मिरवणुकीत गाडी तापली होती, मंग पंख्याचा रिले बदलवला, अन् दर दहा मिनिटाले कसं करा लागते थे समदं. तसंच केलं आमी.”

मी पहिलं पान फाडलं होतं. आतलं नुसतं चाळलं होतं, वाचलंच नव्हतं.

पटलेजींना माहीत होतं. वहीवरून माहीत होतं, आरसीवरच्या नावावरून माहीत होतं — सौदा ठरल्यावर ते कोण वाचतो, असं मी धरून चाललो होतो — आणि त्यांचं काहीच अडलं नव्हतं. जे मी रॉकेल लावून पुसलं त्याच्याच भरवशावर त्यांची वरात पार पडली. मी ज्याला बाजार म्हणत होतो, लोक म्हणत होतो, गिऱ्हाईक म्हणत होतो — तो कोण होता मग? बपेऱ्याला तर नव्हता. शहापूरला, टिनाच्या ऑफिसात, माझ्याच खुर्चीवर बसला होता.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही. पटलेजी पुढे म्हणाले, “थ्या गजभिये साहेबाइले मले भेटाचं हाय. लग्नाचे लाडू घेऊन जातो. कोठी रायतेत? अन् थे त्या दिवशीचे ड्रायव्हर — थेच तं नाई ना साहेब?”

बघा, दुसऱ्यांदा विचारलं गेलं. या वेळी श्वासभर नाही, हवा तेवढा वेळ होता. समोर सर नव्हते, सौदा संपलेला होता, भाव पडायची भीती नव्हती, गमवायला काही म्हणता काही नव्हतं. सरांची एक अट होती, आणि ती आपल्या पायाने चालत, लाडू घेऊन त्यांच्या दारात जायला निघाली होती. मी नुसतं ‘आंधळगाव’ म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “नाही जी, ते वेगळे. साहेब पुण्याला गेले मुलीकडे. कायमचे.”

हे खोटं कशासाठी बोललो? भावासाठी नाही, धंद्यासाठी नाही. पटलेजी तिथे गेले असते तर दोघं चहा घेत माझ्याबद्दल बोलले असते, म्हणून. पहिल्या वेळी मी सरांचं नाव विकलं. दुसऱ्या वेळी फुकटात फेकून दिलं, आपली लाज झाकायला. या दोहोंत वाईट कोणतं, ते तुम्ही ठरवू नका. मला माहीत आहे.

सरांकडे मी गेलो नाही. दिवाळी गेली, जयंती येऊन गेली, मी गेलो नाही. मिरवणुकीत पुढे कोणती गाडी होती, तेही मला ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याला स्पेअर पार्टच्या दुकानात सर दिसले. कुणाच्या तरी मोटरसायकलचं काही घ्यायला आले होते. काउंटरवर आणखी दोघं-तिघं होते, त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यात एक तर आमच्या आळीतला, माझ्याच समाजाचा. सरांनी सगळ्यांना जयभीम घातला, सगळ्यांनी उलट घातला, चौकशा झाल्या, गुडघ्यांवरून थट्टा झाली. मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. नेहमीसारखं हसू होतं. पेन खिशाला होतं. त्यांनी हात जोडले, मी फोनवर शिकवलं होतं तसे, आणि म्हणाले, “नमस्कार.”

मीही हात जोडले. नमस्कार म्हणालो.